बिनदाराच्या घराचा राखणदार

१ जुलै, मंगळवार

ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणीही वाचायची नाही. वाचलीच तर मला कळेल. पानांच्या मध्ये डोक्याचा एक केस ठेवणार आहे.

फेलोशिप काल संपली. पीएचडी संपलेली नाही. विषय: ‘ग्रामीण समाजातील परस्परविश्वास’. तिसरं प्रकरण अडून बसलं आहे. गाईड शांतवन सर म्हणाले, कानिफनाथ, सप्टेंबरअखेर तिसरं प्रकरण टेबलावर पाहिजे, नाहीतर रजिस्ट्रेशनची मुदत वाढवून मिळणार नाही. सरांना एवढी घाई का? माझं प्रकरण त्यांना नक्की कशासाठी हवंय?

अण्णांचा पारनेरहून फोन. दिवाळीपर्यंत स्वतःच्या पायावर उभा राहा, नाहीतर दुकानात बस म्हणे. दुकान म्हणजे खत-बियाण्यांचं. मी समजावलं की आता जमाना नोकरीचा नाही, फ्लेक्झिबल इन्कमचा आहे. वाटेल तेव्हा काम करायचं, नको वाटेल तेव्हा नाही करायचं. अण्णा म्हणाले, यातलं दुसरं तर तू आत्ताबी करतोयस.

वडील असून असं बोलतात. दुकानाला माणूस मिळत नसणार, हे खरं कारण.

संकल्प: दिवाळीपर्यंत तीन ठिकाणांहून इन्कम. ऑनलाइन नाव ‘के. नाथ’. पूर्ण नाव कुणालाही द्यायचं नाही.

५ जुलै, शनिवार

केस जागेवर आहे. म्हणजे वाचून परत ठेवला.

ट्रान्स्क्रिप्शनचं काम मिळालं! पुण्याच्या एका संस्थेने मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज पाठवली, ऐकून टाइप करायची. पण ओळख ना पाळख, एकदम सगळ्या फाइल्स पाठवून मोकळे? असं कुणी करतं का? मी संस्थेचं नोंदणीपत्र, संचालकांचा फोटो आणि दोन प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारस मागवली.

८ जुलै, मंगळवार

उत्तर नाही. फ्रॉडच होता. वाचलो.

१४ जुलै, सोमवार

ऑनलाइन ट्यूशन. नववीतला मुलगा, समाजशास्त्र नाही तर इतिहास तरी शिकवू म्हटलं. मुलाची आई पूर्ण वेळ शेजारी बसून होती. मला काही बोलली नाही, नुसती ऐकत होती. माझी शिकवण्याची पद्धत उचलून स्वतः क्लास काढायचा बेत असणार. मी कॅमेरा बंद ठेवला आणि महत्त्वाच्या सनावळ्या मुद्दाम चुकीच्या सांगितल्या.

दुसऱ्या तासाला कुणी आलंच नाही. बिंग फुटलं की माणसं अशीच गायब होतात.

१९ जुलै, शनिवार

व्हॉइस-ओव्हर. पशुखाद्याची जाहिरात, नमुना पाठवा म्हणाले. आवाज चोरून फुकट वापरू नयेत म्हणून मी दर शब्दानंतर ‘टूं’ असा आवाज घातला. त्यांचं उत्तर: आवाज चांगला आहे, पण म्हशी बिथरतील.

कौतुक तर केलं. पैसे द्यायला नकोत म्हणून पुढचं वाक्य जोडलं.

२२ जुलै, मंगळवार

नगरची खोली सोडली. (सोडावी लागली, असं रूममेट ओंकार सगळ्यांना सांगेल.) शनिशिंगणापूरला बनुबाई आत्याकडे मुक्काम. अण्णांची थोरली बहीण. आत्याचे यजमान वारले, मुलगा चाकणला कंपनीत, घर रिकामं. जागा फुकट आणि संशोधनाचं फील्डही हेच. सर खूश झाले. म्हणाले, परस्परविश्वासावर लिहायचं तर त्या गावासारखं गाव नाही. आत्ता आठवलं त्यांना?

घराला दार नाही. गावात कुणाच्याच नाही. हे मी पुस्तकांतून वाचलंय, लहानपणी पाहिलंय, त्यावर दोन परिच्छेदही लिहिलेत. पण झोपायची वेळ आली की गोष्ट वेगळी असते. लाकडी चौकट आहे, तिला पडदा. कुत्री येऊ नयेत म्हणून रात्री उंबऱ्यात एक फळी आडवी. बस. फळीच्या पलीकडे थेट महाराष्ट्र.

आत्याला विचारलं, चोर आला तर? म्हणाली, आला तर च्या पिऊन जाईल. शनिदेवाच्या गावात कोन चोरी करतंय? मी विचारलं, आणि बाहेरगावचा असला तर? ती म्हणाली, मंग तर पाव्हनाच की.

या विधानाचं शास्त्रीय विश्लेषण करायला हवं. झोप आली नाही.

२४ जुलै, गुरुवार

समोरचा गोरक्ष. पूजासाहित्याचा स्टॉल आहे: तेल, रुईच्या पानांच्या माळा, उडदाच्या पुड्या. आत्या घरचे उडीद त्यालाच देते. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे, तर म्हणाला, वायफाय पायजे का? आणि पासवर्ड सांगून टाकला. न विचारता!

मी वायफाय वापरतोय. पण लक्ष ठेवून.

२७ जुलै, रविवार

आयडिया!! सकाळी तोंड धुताना आली.

होमस्टे! चाकणवाल्याची खोली रिकामीच आहे. ‘झिरो डोअर होमस्टे: ना दार, ना कडी, फक्त विश्वास.’ शिंगणापूरला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक घरांचे फोटोच काढत फिरतात. त्यांना आत झोपायला मिळालं तर? शिवाय मी काही न करता इन्कम. फ्लेक्झिबलची व्याख्याच ही.

आत्याला सांगितलं. म्हणाली, मान्सं यायची आसली तर येऊ दे की, पन पैसं कशापायी घ्यायचं? तिला बिझनेस मॉडेल समजत नाही. शेवटी ती म्हणाली, बरं, भाकरी मी करीन.

हे गोरक्षला सांगायचं नाही. उद्या तोही काढेल.

२९ जुलै, मंगळवार

लिस्टिंगचे फोटो गोरक्षने काढून दिले. त्याचा मोबाइल चांगला आहे. नाइलाज.

हाऊस रूल्स (पाव्हण्यांसाठी):
आधारकार्डाचं झेरॉक्स, दोन प्रती, सही करून.
येताना व जाताना बॅग दाखवणे.
ताट-वाटी-चमचा मोजून घेणे, मोजून देणे.
घराच्या परंपरेनुसार येथे पूर्ण विश्वासाचे वातावरण आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

पहिलं बुकिंग! नाशिकचं जोडपं. आत्याने पिठलं-भाकरी-ठेचा केला. बाई म्हणाल्या, इतकं शांत घर पाहिलं नव्हतं. नवरा फक्त भिंती बघत होता. भिंतींत काय आहे?

दक्षता म्हणून उंबऱ्यातच आडवी बाज टाकून झोपलो. पडद्याला आत्याच्या जुन्या बैलांची घुंगरं बांधली. नवरा दोनदा बाहेर गेला, दोन्ही वेळा माझ्यावरून ओलांडून. दोन्ही वेळा मी विचारलं, कुठे? दोन्ही वेळा तो म्हणाला, संडासला. दोनदा?

४ ऑगस्ट, सोमवार

रिव्ह्यू आला. ‘आजी देवमाणूस. जेवण उत्तम. होस्ट उंबऱ्यात झोपतो व प्रश्न विचारतो.’ तीन स्टार.

प्रतिस्पर्ध्यांचं काम.

१३ ऑगस्ट, बुधवार

बुकिंग्ज येताहेत. आत्याच्या ठेच्याला पाच स्टार, मला वेगळा स्टार नाही. अण्णांना फोन करून सांगितलं, इन्कम चालू झालं. ते म्हणाले, ताई दमती का रे? म्हणजे माझं यश पचलं नाही.

तिसरं प्रकरण: अर्धं पान. पण विचार खूप झाला आहे. सगळं फक्त पेनड्राइव्हवर. क्लाउडवर ठेवत नाही. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचं घर.

२० ऑगस्ट, बुधवार

शनिवारी शनि अमावस्या. गावात मुंगीला पाय ठेवायला जागा नसेल. नवी पॉवरबँक गव्हाच्या कोठीत खोल खुपसून ठेवली. तिथे कुणाला संशय येणार नाही. आत्यालाही सांगितलं नाही. माहिती जितक्या कमी लोकांत तितकी बरी.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आत्या दळणाला गेली. घरात मी एकटा. लक्ष ठेवलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

गर्दी. आपल्याकडे एक पाहुणा, जोएल. पुण्याचा, फोटोग्राफर, एकटाच. एकटा माणूस देवाच्या गावाला कशाला येतो? विचारलं तर म्हणाला, दारं नसलेली घरं बघायची होती. कबुलीच झाली ही.

शिवाय वागणं फारच चांगलं. आत्याची भांडी पुसून दिली. तिचा मोबाइल बिघडला होता तो दुरुस्त केला, तिला व्हॉइस मेसेज पाठवायला शिकवलं. आत्याने पहिला मेसेज मला पाठवला, मी दोन हातांच्या अंतरावर बसलेला असताना: कानिफ, जेवाया ये.

आधारचं झेरॉक्स मागितलं तेव्हा हसत दिलं. हसण्यासारखं काय होतं?

२५ ऑगस्ट, सोमवार

पॉवरबँक गायब!!

कोठीत कोपरापर्यंत हात घातला. गहू, गहू आणि गहू. जोएल काल गेला. दोन आणि दोन चार.

२६ ऑगस्ट, मंगळवार

ॲपवर तक्रार केली, पाहुण्याबद्दल रिव्ह्यूही लिहिला: ‘वस्तू सांभाळा.’ जोएलचा व्हिडिओ कॉल आला. त्याने आपली पिशवी कॅमेऱ्यासमोर जमिनीवर उलटी केली, प्रत्येक कप्पा उघडून दाखवला. पँटचे खिसेही. म्हणाला, दादा, आजींना काही सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.

इतक्या तयारीने पिशवी दाखवतो म्हणजे मुरलेला आहे. आणि आत्याला सांगू नका म्हणतो. का?

आत्याला सांगितलं नाही. ते वेगळ्या कारणासाठी.

३ सप्टेंबर, बुधवार

कॅमेरा बसवला, चौकटीवर, रस्त्याकडे तोंड करून. मोबाइलवर दिसतं. गोरक्षच्या वायफायवर चालतो. बसवताना शिडी धरायलाही गोरक्षच होता. कॅमेरा कुठे बघतो, कुठे बघत नाही, सगळं त्याला कळलं. चूक झाली.

आत्याने विचारलं, हे काय? म्हटलं, पाव्हण्यांच्या सोयीसाठी. ती कॅमेऱ्याकडे बघून पदर सारखा करून आत गेली. आता रोज येता-जाता पदर सारखा करते.

९ सप्टेंबर, मंगळवार

तिसरं प्रकरण संपलं! एकोणपन्नास पानं. मथळा: ‘विश्वासाची सामाजिक वीण’. स्वतःवरच खूश आहे. आता सर काय, युनिव्हर्सिटी काय, अण्णा काय.

पेनड्राइव्ह उडदाच्या डब्यात. कोठीची जागा फुटलेली आहे, डब्याची नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

डब्यात पेनड्राइव्ह नाही.

डबाच अर्धा आहे. उडीद उपसले, परातीत ओतले, एकेक दाणा बघितला. आत्याला विचारलं, डब्याला कुणी हात लावला? म्हणाली, गोरक्ष आलता, उडीद घिऊन गेला, दर शनवारी नेतो की.

गोरक्ष. घरात. डब्यापर्यंत.

वायफाय, फोटो, शिडी, आता हे. साखळी जुळली. त्याला माझं प्रकरण कशाला हवं? विकायला. पीएचडीचे बाजार चालतात, मी वाचलंय.

चार वर्षं आहेत त्यात.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सरांना फोन. म्हणालो, प्रकरण पूर्ण आहे पण सध्या चोराकडे आहे. सर म्हणाले, शिंगणापुरात चोरी? कानिफनाथ, नीट शोध.

सरांचा माझ्यावर विश्वास नाही. विश्वासावर पीएचडी करवून घेणाऱ्याचा.

गोरक्षच्या स्टॉलवरून जायचं बंद केलं. पलीकडच्या बाजूने, मान खाली घालून जातो. त्याने दोनदा हाक मारली. ऐकू न आल्यासारखं केलं. परवा नुसता हात वर करून काहीतरी दाखवत होता. धमकी.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. आत्या माहेरी, पारनेरला गेली, आठवडाभरासाठी. जाताना म्हणाली, फळी लाव रातच्याला, कुत्री येत्यात. एवढंच सांगितलं तिने. घर, भांडी, कोठी, सगळं माझ्यावर टाकून गेली, मागे वळूनही पाहिलं नाही.

मी मात्र जबाबदार माणूस आहे. निर्णय घेतला.

२४ सप्टेंबर, बुधवार

दार बसवायचं.

तात्पुरतं. फक्त पाव्हण्यांच्या प्रायव्हसीसाठी. शास्त्रीयदृष्ट्या पाहता दार म्हणजे अविश्वास नव्हे, दार म्हणजे सोय. गावातल्या सुताराने विचारलं, कोनाच्या घराला? खोटं सांगितलं, बाहेरगावी. तो म्हणाला, मंग ठीक. पण मोजमाप सांगितल्यावर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, हे माप मला ठावं हाय. काम घेतलं नाही.

घोडेगावहून तयार दार मागवलं. ऑटोमॅटिक लॅच, आपोआप बंद होतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दार आलं, टेम्पोतून. मिस्त्री भराभर बसवून गेला, चहाही न घेता. आत बसलो. लॅच खट् झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कानाला गार वाटलं. सगळ्यात छान झोप.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

गल्ली जमली. मला वाटलं भांडायला. नाही. म्हातारी भागूबाई पुढे आली, दाराला हात न लावता विचारलं, बनुबाईचं काय गेलं? मी म्हणालो, काही नाही, सोय म्हणून. तिने ऐकलंच नाही. म्हणाली, माझी दोन्ही पोरं आन् सूनबाई, शनिदेवाची आन, आमच्यातलं कुनी न्हाई. मग तिच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. एकेक घर पुढे येऊन आमच्यातलं कुणी नाही म्हणून गेलं. कुणी आवाज चढवला नाही. दोघीतिघी रडत होत्या.

मी कुणावर आरोप केलेलाच नाही! नुसतं दार लावलं. न विचारता सफाई देतात, म्हणजे काहीतरी आहे.

गोरक्ष आला नाही. तो स्टॉल बंद करून, तेल घेऊन देवळात गेला. शपथ घ्यायला, असं भागूबाई म्हणाली. सगळ्यात आधी त्यानेच. नोंद घ्यावी.

२७ सप्टेंबर, शनिवार

दोन्ही बुकिंग्ज रद्द. पाहुणे रस्त्यावरूनच दार बघून परत गेले. जाताना फोटो काढला. कॅप्शन माहीत नाही.

हरकत नाही. व्हॉइस-ओव्हर पुन्हा सुरू करतोय. उद्या दिवसभर रेकॉर्डिंग. दार असल्याने आवाज बाहेरचा येत नाही. इन्कमची तिसरी वाट.

२८ सप्टेंबर, रविवार. रात्र

काय लिहू?

सकाळपासून हेडफोन लावून रेकॉर्डिंग करत होतो. पतसंस्थेची जाहिरात. वाक्य होतं: ‘आपल्या माणसांचं आपलं दार.’ तीसेक वेळा म्हटलं. मोबाइलवर कॅमेऱ्याची सूचना येत राहिली, कुणीतरी हलतंय. गोरक्ष असेल म्हणून बघितली नाही.

संध्याकाळी चहाला दूध नव्हतं म्हणून दार उघडलं. ओट्यावर आत्या बसलेली. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. एक दिवस आधीच आली, अण्णांनी माझ्यासाठी करंज्या दिल्या होत्या म्हणून.

विचारलं, कधी आलीस? म्हणाली, दुपारच्या यष्टीनं. विचारलं, दार का नाही वाजवलं? म्हणाली, आपल्याच घराचं दार कसं वाजवायचं रं?

नंतर कॅमेऱ्यात पाहिलं. ती आली, थांबली. दाराला तळवा लावला, भिंतीला लावतात तसा. दोनदा तोंड हललं, कानिफ, कानिफ म्हणाली असणार. मग बसली. गोरक्ष येऊन काहीतरी बोलला, आपल्या घराकडे हात केला. तिने मान हलवली. ऊन तिच्या पायावर आलं, मग पाय आखडून घेतले. सगळं आहे त्यात. फास्ट फॉरवर्ड करून पाहिलं. मग केलं नाही.

घरात आल्यावर तिने विचारलं, काय गेलं? मी म्हणालो, पॉवरबँक आणि पेनड्राइव्ह. ते काय आस्तंय, म्हणाली. सांगितलं, पांढरी, चपटी, विटेएवढी. ती उठली, कोठीत खांद्यापर्यंत हात घातला आणि तळातून काढून दिली. गिरणीत गव्हातून निघाली होती, गिरणीवाल्याने पुसून परत दिली होती. तिला वाटलं होतं, गव्हाला किडं लागू नये म्हून मी कायतरी मशीन ठेवलंय. म्हणून नव्या गव्हात, तळाशी, नीट परत ठेवली.

मग गोरक्षला हाक मारली. गोरक्ष पेनड्राइव्ह घेऊनच आला. उडदात सापडला होता. कुणा भाविकाचा असेल म्हणून त्याने स्टॉलच्या दर्शनी खिळ्याला सुतळीने टांगून ठेवला होता, ज्याचा हाय त्यानं न्यावा म्हणून. सापडलेल्या वस्तू सगळे तिथेच टांगतात. पंधरा दिवस टांगलेला होता. मला दाखवायला हात वर करायचा, पन हे बगतच न्हाईत, म्हणाला.

आत्या म्हणाली, चोरी झाली आसती तर बरं झालं आसतं. ते दार तरी खरं ठरलं आसतं.

मग ती बाहेर पडली. भागूबाईकडे गेली, मग तिच्या शेजारी, मग त्याच्या शेजारी. प्रत्येक घरापुढे हात जोडून उभी. मी आतच होतो. मोबाइलवर दिसलं, कॅमेरा चांगला आहे. सत्तरीची बाई माझ्याऐवजी घरोघर फिरत होती आणि मला उठता येईना. खूप वाईट वाटलं.

पित्त असावं.

३० सप्टेंबर, मंगळवार

प्रकरण सरांकडे पोचवलं. वेळेत. सरांनी वाचलं, मग विचारलं, गावात दार लावल्याचं खरं का? त्यांना कुणी सांगितलं? सर म्हणाले, सगळ्या नगरला माहीत आहे, फोटो फिरतोय. मग म्हणाले, ही एकोणपन्नास पानं ठेव बाजूला. भाषा सुंदर आहे, माणूस एकही नाही. त्या दाराबद्दल लिही. तुझं नाव घालून. मुदतवाढीचा कागद मी रजिस्ट्रेशनला आजच देतो, तुझ्या भरवशावर.

सही घेण्याआधी तो कागद मला वाचायलाही दिला नाही. म्हणजे दिला, मीच वाचला नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

दार काढलं. मिस्त्री घोडेगावहून यायला तयार नव्हता, गोरक्षने काढलं. मी शिडी धरली. आत्याने दार फेकू दिलं नाही. चार विटांवर आडवं टाकलं, ओट्यावर, त्यावर मिरच्या वाळत घातल्या.

अण्णांचा फोन. ओरडले नाहीत. म्हणाले, ये दुकानात. रब्बीचा हंगाम सुरू होतोय.

दिवाळीला अजून वीस दिवस आहेत, हे मी सांगू शकलो असतो.

११ ऑक्टोबर, शनिवार. पारनेर

दुकान. हरभऱ्याचं बियाणं, खताच्या गोण्या. अण्णा जेवायला गेले आणि गल्ल्याला किल्ली तशीच लावून गेले. परीक्षा असावी. छतावर, कॅलेंडरमागे, गोण्यांच्या फटीत कॅमेरा शोधला. नाही. परत आल्यावर अण्णांनी गल्ला बघितलासुद्धा नाही. विचारलं, का नाही बघितला? म्हणाले, कशाला?

यावर विचार करतोय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

लिस्टिंग बघितली. होस्ट म्हणून आता आत्याचा फोटो. गोरक्षने मदत केली असणार. हाऊस रूल्स काढून टाकलेत. नवा फोटो: दारावर मांडलेली ताटं, भोवती पाहुणे. त्यात जोएल आहे. परत आलाय. त्याचा रिव्ह्यू: ‘इथे दार आहे. त्यावर जेवतात.’ पाच स्टार.

त्याला एक मेसेज लिहिला. मिटवला. पुन्हा लिहिला. पाठवला. एका शब्दाचा होता. त्याने नुसते जोडलेले हात पाठवले. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

दुकानात रिकाम्या वेळात तिसरं प्रकरण पुन्हा सुरू. पहिलं वाक्य जमत नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

उद्या भाऊबीज. अण्णा दरवर्षी आत्याकडे जातात. म्हणाले, तूही चल. मी म्हणालो, दुकान कोण बघेल? म्हणाले, बंद ठेवू. म्हणालो, गिऱ्हाईक? म्हणाले, कानिफ, भीती वाटती का? मी म्हणालो, छे.

दुपारी आत्याला मेसेज केला: उद्या आलो तर चालेल का? मग मोबाइल उलटा ठेवला. सुलटा ठेवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. आलेलं वाचून गप्प बसली, म्हणजे नाहीच. बरोबर आहे तिचं. मी असतो तर कधीच बोलावलं नसतं.

तिन्हीसांजेला व्हॉइस मेसेज आला. उशीर का, तर पाव्हण्यांच्या भाकरी चालल्या होत्या. मागे परातीचा आवाज, कुणीतरी हसतंय. आणि आत्या:

इचारतोस काय रं? दार हाय का आपल्याला?

सहा-सात वेळा ऐकला. आवाजात राग आहे का ते बघत होतो. नाही.

तिच्यासाठी लुगडं घेतलं, भागूबाईसाठी फराळाचा डबा. गोरक्षसाठी काय न्यावं ते सुचत नाही, वायफायचं रिचार्ज करून दिलं. पिशवी भरली. सगळ्यात वर आधारकार्डाचं झेरॉक्स ठेवलंय, दोन प्रती, सही करून. मागितलंच तर असावं.